उभ्या उसातली मोजणी

९ डिसेंबर २०२४

आजपासून खिडकीजवळचं टेबल त्या मुलीला दिलं.

एकतीस वर्षं तिथं माझा ड्रॉइंग बोर्ड होता. उजेड डावीकडून येतो, त्यामुळे रेघेवर हाताची सावली पडत नाही. ती जागा मी स्वतः निवडली होती. तेव्हा राजारामपुरीतल्या ह्या आर्किटेक्ट ऑफिसात आम्ही दोघंच होतो, सर आणि मी. आता बोर्ड मागच्या खोलीत कपाटाला टेकवून ठेवलाय. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला खिडकीचा उजेड खरं तर त्रासाचाच, स्क्रीनवर चमक येते. तरी तिनं तीच जागा मागितली. सरांना म्हणाली, "मला काकूंच्या जवळ बसू द्या." माझी नवी खुर्ची तिथून चार हातांवर आहे. जवळ कसली, डोक्यावरच येऊन बसली.

आणि काकू! ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात. सर तेवढे पूर्णिमाबाई म्हणतात, पण ते सरांचं.

तिचं नाव अवनी. सव्वीस वर्षांची. मूळ घाटाजवळच्या मलकापूरची, वडील शाळेत शिक्षक, शिक्षण पुण्यात. उदयसिंह सरांपुढे भलेभले कॉन्ट्रॅक्टर चाचरतात. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, हे असं नाही हो, दाखवते थांबा." सर हसले. मला वाटलं होतं रागावतील.

१३ डिसेंबर

वसतिगृहाच्या जागेची मोजणी आली. वारणानगरच्या अलीकडे, नदीपासून थोडी आत, सहा एकर. एका शिक्षणसंस्थेला तिथं मुलींचं वसतिगृह बांधायचंय. पूर्वी सर्व्हेअर नळकांड्यातून कागद आणायचा, चहा प्यायचा, दोन गोष्टी सांगायचा. आता नुसती फाइल येते.

अवनीनं ती आमच्या नकाशात आणली आणि जमीन दिसेचना. शोधता शोधता सापडली. सर्व्हेअरनं मीटरमध्ये काढलेलं, आमचं काम मिलिमीटरमध्ये. आमच्या इमारतीशेजारी सहा एकर जमीन एका विटेपेक्षा लहान होऊन पडली होती. मला इतका आनंद झाला की मागच्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आले.

हजारपट करून तिनं ते सुधारलं. पुढची अडचण कंटूरची. एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे कंटूर. कागदावर ती बघून आमच्यासारख्याला चढ-उतार दिसतो. पण कॉम्प्युटरला दिसत नाही. फाइलमधल्या सगळ्या रेघा एकाच पातळीत, चादरीवरच्या नक्षीसारख्या आडव्या. उंचीचे आकडे नुसते शेजारी लिहिलेले. शिवाय रेघा जागोजागी तुटलेल्या.

दिवसभर ती तुकडे जोडत होती आणि एकेक रेघ आपापल्या आकड्याएवढी वर उचलत होती. शाळेत सिस्टर बर्नाडेट आम्हाला क्रोशे शिकवायच्या, तेव्हा सुटलेला टाका मागं जाऊन उचलायला लावायच्या. मला ते कधी कंटाळवाणं वाटलं नाही. ही मुलगीही कंटाळली नाही. हे मला आवडलं नाही.

२० डिसेंबर

आज रेघांवर कातडं चढवलं. ती असंच म्हणते, "आता कातडं चढवू." म्हणजे रेघांमधली जमीन भरायची. पहिल्या वेळी उत्तरेकडच्या उंचवट्याचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट आला. कॉम्प्युटर जवळजवळचे तीन बिंदू घेऊन त्रिकोण करतो आणि शेवटच्या रेघेच्या आत तिन्ही बिंदू एकाच उंचीचे, म्हणून सपाट. सर्व्हेअरनं माथ्यावर एक सुटा आकडा दिला होता. तो तिनं घातला आणि माथा वर आला.

सर तिच्या खुर्चीमागं वीस मिनिटं उभे होते. ती माउसनं जमीन फिरवायची, खालून, वरून, नदीच्या बाजूनं. सर म्हणाले, "आयला, आपण जमिनीखाली गेलो की!" साठी ओलांडलेला माणूस.

मी ह्याच जागेचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायला घेतलं आहे. कंटूरप्रमाणे एकेक थर कापायचा, एकावर एक चिकटवायचा. सर पूर्वी अशा मॉडेलवरून तळहात फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "इथं जेवणाचा हॉल." चार थर झालेत. त्यांनी अजून विचारलेलं नाही.

वहिनींनी आज सरांच्या डब्यातून माझ्यासाठी आळूवडी पाठवली होती. वहिनींचा मला कधीच हेवा वाटला नाही. त्या घरच्या. ऑफिस माझं.

३ जानेवारी २०२५

मी जेवायला गेले होते तेवढ्यात अवनी मागच्या खोलीत माझ्या जुन्या मॉडेल्सचे मोबाइलवर फोटो काढत होती. एकेकाचे चार चार. मी आल्यावर म्हणाली, "काकू, हे कडेचे थर तुम्ही कशानं कापायचात? एवढं साफ कसं?"

"ब्लेडनं."

"मला शिकवाल?"

"आता त्याचा काय उपयोग?"

ती फोटो बघत बाहेर गेली. मैत्रिणींना पाठवले असतील. पूर्वीचे लोक किती वेळ घालवायचे, म्हणून.

१० जानेवारी

आज एक गोष्ट लक्षात आली. लिहिते आणि झोपते.

मॉडेलचा सहावा थर कापताना ब्लेड काटकोनात वळवावं लागलं. मग पुन्हा एकदा. जमिनीला काटकोन नसतात. पाणी आणि पाऊस जमिनीला कोपरे ठेवत नाहीत. मी प्रिंट उजेडात धरून बघितली. जागेच्या मधल्या साडेतीन एकरांत रेघा सरळ जातात, कोपऱ्यावर वळतात, पुन्हा सरळ. तसे कोपरे शेताच्या बांधाला असतात.

मोजणी नोव्हेंबरातली आहे. नोव्हेंबरात तिथं ऊस उभा असणार, माणसाच्या दीडपट उंच.

१९९४ साली सर आणि मी एका साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीसाठी स्वतः लेव्हल घेत होतो. सर यंत्रावर आणि मी स्टाफ धरून. ती आकडे लिहिलेली लांब पट्टी खांद्यावर टाकून मी उसात शिरले आणि पातींनी दोन्ही हात चिरले. सर ओरडले होते, "बाहेर या! बांधावर धरली तरी चालेल!" मी म्हटलं, चालणार नाही, बांध उंच असतो. मी आत जाऊन धरली. संध्याकाळी त्यांनी गाडीतून हळदीची पुडी आणून दिली होती.

ह्या सर्व्हेअरच्या पोरांनी उसात पाय घातलेला नाही. त्यांनी बांधावरचे आकडे घेतले आणि मधली जमीन कॉम्प्युटरनं बांधापासून बांधापर्यंत ताणून दिली. खरी जमीन खाली आहे.

अवनीला हे दिसणार नाही. मलकापूरकडं भात, तिथली खाचरं पायऱ्यांची, सगळी उघडी. उसात मोजणी कशी होते हे तिला कोण सांगणार?

मी सांगितलं नाही. पाच वाजले होते आणि सर तिच्या टेबलाशी होते.

१२ जानेवारी, रविवार

खात्री नसताना बोलणं बरं नाही, म्हणून एसटीनं जाऊन आले. घरी भाचीकडं जाते म्हणून सांगितलं.

ऊस अजून उभा आहे. जमीन कसणारा ज्ञानू बांधावर बसून विळा घासत होता. म्हणाला, "या पावणं. रस्ता चुकला काय?"

मी मोजणीबद्दल विचारलं.

"आलती की पोरं. दोन तासांत आटपून, च्या पिऊन गेली."

"आत शिरली होती?"

"उसात? आवं, अंग फाटतंय. बांधाबांधानं गेलती."

"बांध केवढा उंच आहे?"

त्यानं गुडघ्याच्या वर हात लावून दाखवला. "आत समदं बशीवानी हाय. पावसाळ्यात पाणी तुंबतंय. का वो, तुमी संस्थेच्या काय?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं. त्यानं उसाचं कांडकं दिलं. परतीच्या बसमध्ये ते मांडीवर होतं. उद्या सांगून टाकावं असं शहराजवळच्या पुलापर्यंत वाटत होतं.

१५ जानेवारी

काल ऑफिसात तिळगूळ. सरांनी पहिला अवनीला दिला. ती दाराजवळ होती हे खरं.

आज दुपारी ती माझ्याकडं प्रिंट घेऊन आली. तिनं त्याच ठिकाणी लाल गोल केले होते.

"काकू, ह्या रेघा इथं अशा काटकोनात का वळतात? नैसर्गिक वाटत नाहीत ना?"

म्हणजे तिला दिसलं होतं. तिनं सरांना विचारलं नाही, सर्व्हेअरला फोन केला नाही. मला विचारलं.

मी चष्मा पुसला. म्हटलं, "सर्व्हेअरची पोरं घाईत असतात. रेघा गुळगुळीत करून टाक."

"करू?"

"मी एकतीस वर्षं हेच करतेय, अवनी."

"मग झालं," ती म्हणाली. तासाभरात तिनं कोपरे गोल केले, जास्तीचे बिंदू काढून टाकले. जमीन इतकी मऊ दिसायला लागली की हात फिरवावासा वाटावा.

मी खोटं बोलले नाही. सर्व्हेअरची पोरं घाईत असतातच.

२८ जानेवारी

संस्थेच्या अध्यक्षा संयोगिताताई आल्या होत्या. अवनीनं मोठ्या पडद्यावर जमीन फिरवली, तिच्यावर वसतिगृह ठेवलं, सकाळची सावली कुठं पडते ते दाखवलं. सर म्हणाले, "पोरीनं सहा एकर उचलून घरात आणून ठेवलं बघा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

जोत्याची उंची, पायऱ्या, सांडपाण्याचा उतार, अंगण, सगळं त्या जमिनीवरून ठरलं. प्रत्येक आकडा ऐकताना मी मनात त्यातून अडीच फूट वजा करत होते.

निघताना अवनी संयोगिताताईंना म्हणाली, "ह्यात काकूंची खूप मदत झाली." ही असली वाक्यं तिला कोण शिकवतं? मोठं मन दाखवणं तिला परवडतं, ती खिडकीत बसते.

पुठ्ठ्याचं मॉडेल मी सहाव्या थरावर सोडून दिलं.

१७ फेब्रुवारी

ऊस तुटला. आज आखणीला गेलेल्या मुकादमाचा फोन आला. सर बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होते. मग म्हणाले, "उद्या सगळे जाऊ."

१८ फेब्रुवारी

उघडी जमीन बघितली. मधोमध बशी, कडेनं बांध, अगदी ज्ञानू म्हणाला होता तशी. मुकादमानं जोत्याच्या पातळीला दोरी बांधली होती. ती माझ्या छातीशी आली. पायऱ्या जिथं संपायला हव्या, तिथून जमीन अजून अडीच फूट खाली. सांडपाण्याचा पाइप हवेत.

संयोगिताताई दोरीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "उदयसिंह, मुलींनी रोज उड्या मारायच्या का इथनं? की शिडी देताय?"

सर दोरीची गाठ बघायला लागले.

"पाया खणायच्या आधी कळलं, म्हणून बरं. जूनच्या आत जोतं वर यायला पाहिजे, आणि तुम्ही मला सिनेमा दाखवलात! ते पडद्यावरचं मॉडेल कुणी केलं? ह्या मुलीनं? मग तिला ह्या कामावर ठेवू नका. मला पुन्हा दिसता कामा नये."

तेवढ्यात ज्ञानू पुढं आला आणि माझ्याकडं बघून हसला. "बाई, म्या सांगितलंतं न्हवं तुमास्नी? बशीवानी हाय म्हणून? संक्रांतीच्या आदी आलता की तुमी."

सर आणि संयोगिताताई तोवर गाडीकडं निघाले होते. त्यांनी ऐकलं नाही. अवनीनं ऐकलं. ती माझ्या शेजारीच होती.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत राहिले. आता ओरडेल, सरांच्या मागं धावेल. ती खाली वाकली आणि सँडलमध्ये अडकलेलं पाचट काढत बसली.

गाडीत सरांनी तिला विचारलं, "सर्व्हेअरचे कंटूर एवढे काटकोनात वळत असताना तुला शंका कशी आली नाही?"

"मी गुळगुळीत केले, सर."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मला बरं वाटलं म्हणून."

सबंध रस्ता मला तिचा राग येत होता. गप्प बसायचा हक्क माझा होता. तोही घेतला.

१९ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी असूनही ती फायली न्यायला आली होती. मीही होते. जाताना म्हणाली, "किल्ली इथं ठेवते, मॅडम."

२१ फेब्रुवारी

सर महिनाअखेरीस तिला सोडायला सांगणार. मुकादमाशी बोलताना ऐकलं. आता खिडकी परत मला मिळेल. दुपारी मी तिथं जाऊन उभी राहिले. समोरच्या गल्लीतल्या नव्या इमारतीचे डिसेंबरापासून दोन मजले चढलेत, त्यांनी निम्मा उजेड खाल्लाय. मला माहीतच नव्हतं. ह्या अंधुक जागेसाठी मी अडीच महिने झुरत होते.

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला, फादरपुढं आपल्या चुका कबूल करायला, जायच्या. आम्हा हिंदू मुलींना ते नव्हतं, आम्ही चॅपलबाहेर दोरीवरच्या उड्या खेळायचो. माझी मैत्रीण आत तोंड पाडून जायची आणि पाच मिनिटांत हलकी होऊन यायची. मला तिचाही हेवा वाटायचा.

पाच वाजता मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, चूक अवनीची नाही. बांधाचं मला आधीच कळलं होतं."

सरांनी चष्मा काढला. "पूर्णिमाबाई, पोरीची नोकरी वाचवायला स्वतःवर घेताय व्हय?"

"नाही सर."

"एकतीस वर्षं बघतोय मी तुम्हाला. रेघ केसभर हलली तर सबंध शीट पुन्हा काढणारी बाई तुम्ही. माहीत असून गप्प बसाल? मी नाही मानत." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्यासारखं माणूस आहे, म्हणून हे ऑफिस आहे."

हे वाक्य. ते ऐकायला मी किती वर्षं थांबले होते!

त्यांनी चहा मागवला. मी प्यायले. अवनी दारात प्रिंट घेऊन उभी होती. केव्हापासून, ठाऊक नाही. तिनं कागद टेबलावर ठेवले आणि गेली.

२२ फेब्रुवारी

झोप नाही. चहा गोड होता.

२४ फेब्रुवारी

सकाळी सर आल्या आल्या मी केबिनमध्ये गेले. बसले नाही, बसले असते तर चहा आला असता.

"सर, मी तिला वाचवत नव्हते. दहा जानेवारीला माझ्या लक्षात आलं. बाराला एसटीनं जाऊन ज्ञानूला विचारून आले. पंधराला अवनीनं मला नेमकं तेच विचारलं, आणि मी तिला रेघा गुळगुळीत करायला सांगितलं. ज्ञानूला फोन करा."

सरांनी फोन केला नाही. टेबलावरची मोजपट्टी इकडची तिकडं केली.

"का?"

मी म्हटलं, "तुम्ही तिच्या खुर्चीमागं उभे राहायचात."

असं कसं तोंडातून गेलं? मला बहुतेक कामाबद्दल म्हणायचं होतं. लक्ष सगळं एकीकडं गेलं की दुसरीकडचं काम बिघडतं, असं काहीसं. सरांना काय कळलं कोण जाणे. ते खिडकीबाहेर बघायला लागले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग म्हणाले, "संयोगिताताईंना पत्र तुम्ही लिहा. तुमच्या सहीनं. आणि ह्या कामाच्या शीटवर आता तुमचं नाव नको."

"बरं."

"अवनीला आत पाठवा."

पत्र दुपारी लिहिलं, मराठीत, एका पानात. अक्षर चांगलं आलं.

२७ फेब्रुवारी

अवनी राहिली. संयोगिताताईंनी पत्र वाचून सरांना फोनवर म्हटलं म्हणे, "तुमच्या ऑफिसात बायका भांडतात आणि पुरुषांना पत्ता नाही." सरांनी हे मला सांगितलं नाही, मुकादमानं सांगितलं, हसत.

सर्व्हेअरला पंधरा दिवस सवड नाही. सरांनी कपाटातलं जुनं लेव्हलचं यंत्र काढून अवनीला दिलं. ती संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली.

"रविवारी जातेय. स्टाफ धरायला कुणीतरी लागेल."

"मुकादमाचा माणूस ने."

"नेईन की. पण त्याला बांध आणि जमीन वेगळी असते, हे सांगत बसावं लागेल." डोळ्यांत हसू नव्हतं. "तुम्हाला ते आधीपासून ठाऊक आहे."

२ मार्च, रविवार

सकाळी सातला पोचलो. रस्त्यात ती कामापुरतंच बोलली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आधी मापं होऊ देत."

दर सात-आठ मीटरवर एक आकडा. ती यंत्रावर आणि मी तोडलेल्या उसाच्या खुंटांमधून स्टाफ घेऊन. खुंट टोकदार असतात, पाय बघून टाकावा लागतो. ज्ञानूनं एकदा पाणी आणून दिलं. अकरापर्यंत ऊन चढलं आणि माझे खांदे भरून आले. एकदा पाय ठेवायला सोयीचं म्हणून मी बांधाच्या कडेला उभी राहिले, तर पलीकडून ओरडली, "खाली उतरा! जमिनीवर!" मी उतरले.

चारशेवर आकडे झाले. तिनं ते जागच्या जागी वहीत मांडले. बशीचा तळ कुठं आहे ते तिला वहीतल्या आकड्यांवरूनच दिसलं. तिनं हातानं हवेत आकार काढून दाखवला, मला नाही, स्वतःलाच.

शेवटच्या रांगेला मी शेताच्या पार टोकाला होते. तिथून ती एवढीशी दिसत होती, यंत्रावर वाकलेली, पाय फाकवून घट्ट उभी. "ताठ धरा!" तिचा आवाज सबंध सहा एकर ओलांडून आला, न फाटता. माझा आवाज कधीच एवढा लांब गेला नाही. सव्वीस वर्षं, ते पाय, तो आवाज, पुढची सगळी शेतं. मला तिचा हेवा वाटला, डिसेंबरात वाटला होता तेवढाच, कणभरही कमी नाही.

स्टाफ मात्र मी हलू दिला नाही.